वडिलांच्या देशात राहायला जाताना : मुंबईहून नेपाळला निघालेल्या मुलीसाठी

आई साताऱ्याची किंवा रत्नागिरीची, वडील तरुणपणी नेपाळमधून कामाला आलेले आणि मुले महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली, अशी घरे मुंबईत कमी नाहीत. अशा घरातली मुलगी शिक्षण संपवून वडिलांच्या देशात राहायला जायचे ठरवते. कधी आजी एकटी पडलेली असते, कधी तिथे चांगले काम मिळालेले असते, तर कधी आपले अर्धे घर आपण पाहिलेलेच नाही ही जाणीव स्वस्थ बसू देत नाही. असा बेत ठरला की घरचे, शेजारचे आणि कागदपत्रांची कामे करणारे एजंट हे सगळे एकच सल्ला देतात, तो म्हणजे आधी तिथली नागरिकता काढ. माझ्या मते ही कामाची क्रमवारी उलटी आहे. नेपाळमध्ये राहायला जाणे आणि नेपाळची नागरिक होणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिल्याला फारसे काही लागत नाही. दुसऱ्यामुळे मात्र बरेच काही कायमचे सुटते.

आधी कायद्याने आपण कोण आहोत ते पाहावे

तुमचा जन्म भारतात १ जुलै १९८७ नंतर आणि ३ डिसेंबर २००४ पूर्वी झाला असेल आणि त्या वेळी आई भारतीय नागरिक असेल, तर वडील परदेशी असले तरी तुम्ही जन्मानेच भारतीय आहात. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी, एक पालक भारतीय असावा आणि दुसरा बेकायदा घुसलेला नसावा, अशी अट आहे. नेपाळी नागरिकाला भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नसल्यामुळे या अटीची अडचण सहसा येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर नेपाळच्या २०१५ च्या संविधानानुसार जन्माच्या वेळी वडील किंवा आई नेपाळची नागरिक असल्यास त्या व्यक्तीला वंशजाच्या नात्याने नागरिकत्वाचा हक्क मिळतो आणि त्याचे प्रमाणपत्र वयाच्या १६ व्या वर्षानंतर काढता येते. म्हणजे हक्क दोन्हीकडे आहे, परंतु दोन्ही हक्क एकाच वेळी वापरता येत नाहीत. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, आणि नेपाळचा कायदाही दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. दोन्हीकडची कार्डे खिशात ठेवून निर्धास्त राहणारे लोक सीमेच्या दोन्ही बाजूंना भेटतात. त्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू नये.

नागरिकत्व न बदलता तिथे राहता येते, याचा आधार ३१ जुलै १९५० चा भारत-नेपाळ शांतता व मैत्री करार आहे. त्याच्या सातव्या कलमात एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात राहणे, व्यापार करणे आणि ये-जा करणे यांबाबत समान वागणूक देण्याचे तत्त्व आहे. प्रत्यक्षात सरकारी नोकरी आणि जमिनीची मालकी या दोन गोष्टी नेपाळमध्ये नागरिकांपुरत्याच राहिल्या आहेत. परंतु भाड्याने राहणे, शिकणे किंवा खासगी ठिकाणी काम करणे यासाठी भारतीय मुलीला व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. म्हणून भारतीय पासपोर्टवर जावे, तिथला उन्हाळा, पावसाळा, दसैं म्हणजे तिथल्या दसऱ्याचा सण आणि हिवाळा असे एक पूर्ण वर्ष काढावे आणि मगच नागरिकतेचा विचार करावा, असे मी सुचवेन.

वडिलांची नागरिकता नीट वाचावी

नागरिकता आज काढायची नसली, तरी त्यासाठी लागणारे कागद आजच तपासून ठेवावेत, कारण त्यातल्या निम्म्या दुरुस्त्या मुंबईत, वडील जवळ असतानाच होऊ शकतात. सगळ्याचे मूळ म्हणजे वडिलांचे नागरिकता प्रमाणपत्र. जुन्या पिढीकडे ते बहुधा हाताने लिहिलेले, घड्यांवर विरलेले आणि कुणीतरी कधीतरी लॅमिनेट करून आणलेले असते. डाव्या-उजव्या अंगठ्याचे ठसे, जिल्ह्याच्या कार्यालयाचा फिकट शिक्का आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा फोटो. लिपी देवनागरी असल्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला ते वाचता येते. ते मोठ्याने वाचावे आणि प्रत्येक ओळ वहीत उतरवून घ्यावी : प्रमाणपत्र क्रमांक, देणारा जिल्हा, तारीख, जन्मस्थान, कायमचा पत्ता, आजोबांचे आणि आजीचे नाव.

पत्त्याच्या ओळीपाशी थोडे थांबावे लागते. जुन्या प्रमाणपत्रात ‘गाउँ विकास समिति’ (गावपातळीवरची जुनी स्थानिक संस्था) आणि वडा म्हणजे वॉर्ड क्रमांक लिहिलेला असतो. या समित्या मार्च २०१७ मध्ये बरखास्त झाल्या आणि नव्या रचनेत ७७ जिल्ह्यांत मिळून ७५३ गाउँपालिका आणि नगरपालिका आल्या. त्यामुळे कागदावरचे ते गाव आज दुसऱ्याच नावाच्या पालिकेत आणि दुसऱ्याच क्रमांकाच्या वड्यात असते. काकांना किंवा आत्याला फोन करून आजचे पालिकेचे नाव आणि वडा क्रमांक आधी मिळवावा, कारण पुढचा प्रत्येक अर्ज त्या वडा कार्यालयातूनच जातो. सप्टेंबर २०२५ च्या आंदोलनात काठमांडूतील सिंहदरबार या सरकारच्या मुख्य सचिवालयाला आणि सर्वोच्च न्यायालयाला आगी लावल्या गेल्या, तसेच इतर ठिकाणच्याही काही सरकारी कार्यालयांचे नुकसान झाले. म्हणून आपल्या वड्याच्या आणि जिल्ह्याच्या जुन्या नोंदी शाबूत आहेत का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

दुसरा गुंता तारखांचा आहे. नेपाळचे सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतात. तिथले वर्ष एप्रिलच्या मध्यावर सुरू होते आणि महिने सौर असल्यामुळे २९ ते ३२ दिवसांचे असतात. ऑगस्ट २००१ मधला जन्म २०५८ सालातला ठरतो, पण फेब्रुवारी २००१ मधला जन्म २०५७ सालातला. नुसते ५७ मिळवून किंवा वजा करून चालत नाही, हे लक्षात न घेतल्याने अनेकांच्या आधार कार्डावरचे आणि नागरिकतेवरचे जन्मवर्ष जुळत नाही. वडिलांची आणि स्वतःची प्रत्येक तारीख दोन्ही पद्धतींत लिहून एक तक्ता तयार ठेवावा.

तिसरा गुंता नावाचा, आणि तो खास आपल्याकडचा आहे. महाराष्ट्रात मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे लिहिली जातात, तर नेपाळमध्ये मधले पद म्हणजे बहुधा ‘कुमारी’, ‘बहादुर’ यांसारखा नावाचाच भाग असतो. त्यामुळे दहावीच्या प्रमाणपत्रावरचे मधले नाव तिथल्या कारकुनाला तुमच्याच नावाचा तुकडा वाटतो. त्यातच मुंबईतल्या नोंदींत वडिलांचे ‘बहादुर’ कधी गळलेले असते, तर कधी तेच आडनाव होऊन बसलेले असते. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पासपोर्ट या चार ठिकाणी वडिलांचे नाव एकसारखे आणि नागरिकतेशी जुळणारे हवे. ते तसे नसेल, तर आधी जन्मदाखला दुरुस्त करावा आणि बाकीचे त्याच्या आधारे करावेत. उलट्या दिशेने गेल्यास प्रत्येक कार्यालय दुसऱ्याचा पुरावा मागत राहते.

वडिलांच्या नावावर भारतीय मतदार ओळखपत्र असेल, तर मात्र ते घेऊन कुठल्याही कार्यालयात जाण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. आधार कार्ड रहिवासावर मिळते, त्यामुळे नेपाळी नागरिकाकडे ते असण्यात गैर काही नाही. मतदार होण्यासाठी मात्र भारतीय नागरिकत्व लागते. तुमच्या जन्माच्या वेळी वडील नेपाळचे नागरिक होते की नव्हते, यावरच तुमचा तिथला सगळा हक्क अवलंबून असल्याने हा प्रश्न अंदाजावर सोडण्यासारखा नाही.

मुंबईत उरकून घ्यायची कामे

जन्मदाखल्यातील दुरुस्ती ज्या विभागात जन्माची नोंद झाली, त्या महापालिकेच्या विभाग कार्यालयातील आरोग्य खात्यात होते; आई-वडील नंतर कुठे राहायला गेले याचा त्याच्याशी संबंध नसतो. आई-वडिलांचे लग्न देवळात होऊन नोंदवायचे राहून गेले असेल, तर तेही विभाग कार्यालयातच उशिराने नोंदवता येते. आईला पुढेमागे नेपाळमध्ये कोणताही कागद करायचा झाल्यास विवाहाचा दाखला लागतोच, म्हणून हे काम टाळू नये. नावात मोठा फरक असेल आणि तो दुरुस्तीने मिटत नसेल, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. पूर्वी त्यासाठी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात जावे लागे. आता अर्ज ऑनलाइन भरता येतो.

पासपोर्ट नसेल तर काढावा. विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयाला नेपाळमध्ये पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र यांपैकी एक चालते. आधार कार्ड १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांनाच चालते, आणि विमानतळावर अडकलेले बहुतेक लोक याच गैरसमजापायी अडकतात. मतदार ओळखपत्रावर जाता येत असले, तरी तिथे सिमकार्ड घेणे, बँकेत खाते उघडणे किंवा भारतीय दूतावासात काही काम पडणे, यासाठी पासपोर्ट सोयीचा पडतो.

शिक्षणाच्या कागदांबाबत एक सावधगिरी. फोर्टमधले एजंट सरसकट अपॉस्टिलचा शिक्का करून देतो म्हणतात. कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला हा शिक्का अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असलेल्या देशांपुरताच उपयोगाचा असतो आणि नेपाळ त्यात नाही. तिथे गरज पडलीच, तर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन आणि त्यावर दिल्लीतल्या नेपाळी दूतावासाची नोंद हा मार्ग असतो. परंतु कुणी मागण्याआधी तेवढा खर्च करू नये. त्यापेक्षा समकक्षतेचे, म्हणजे आपले शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या बरोबरीचे असल्याचे प्रमाणपत्र महत्त्वाचे आहे : बारावीपर्यंतच्या शिक्षणासाठी ते भक्तपूरजवळच्या सानोठिमी येथील राष्ट्रिय परीक्षा बोर्डाकडून आणि पदवीसाठी कीर्तिपूर येथील त्रिभुवन विश्वविद्यालयाकडून घेतात. त्यासाठी मूळ गुणपत्रिका, सर्व सत्रांच्या, आणि विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते. मुंबई विद्यापीठातून स्थलांतर प्रमाणपत्र काढायचे अनेकजणी विसरतात आणि मग कलिन्याला कुणाला तरी पाठवावे लागते. परिचारिका, डॉक्टर आणि अभियंता यांना त्या-त्या नेपाळी परिषदेची नोंदणी वेगळी करावी लागते, म्हणून त्या परिषदेशी पत्रव्यवहार निघण्यापूर्वीच सुरू करावा.

पैशांची व्यवस्था

एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून स्थिर आहे, त्यामुळे विनिमयाची चिंता नाही. नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी भारतातल्या बँका परकीय चलन देत नाहीत. भारतीय रुपयेच न्यावे लागतात. मोठ्या नोटांबाबतचे नियम दोन्ही बाजूंनी बदलत आले असल्याने १०० रुपयांच्या नोटा न्याव्यात, त्यांना कुणी हरकत घेत नाही. काठमांडू, पोखरा यांसारख्या शहरांत नेपाळच्या फोनपे (Fonepay; आपले PhonePe नव्हे) या जाळ्याच्या क्यूआर फलकांवर भारतीय यूपीआयने दुकानदाराला पैसे देता येतात. ही सोय मार्च २०२४ पासून आहे. मुंबईच्या घरच्यांना तिकडे पैसे पाठवायचे झाल्यास भारतीय स्टेट बँकेमार्फत चालणारी भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा खात्रीची आणि स्वस्त आहे. दीर्घकाळासाठी जात असाल, तर इथले बचत खाते अनिवासी प्रकारात बदलण्याबद्दल शाखेत बोलून घ्यावे आणि बँकेशी जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडू देऊ नये. ओटीपी न आल्याने स्वतःचेच पैसे अडकणे ही अगदी नेहमीची अडचण आहे.

कधी जावे आणि कोणत्या वाटेने

मुंबई ते काठमांडू थेट विमान आहे, पण वडिलांचे गाव कुठे आहे त्यावर वाट ठरवावी. पाल्पा, स्याङ्जा, बागलुङ या बाजूचे लोक लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोरखपूरची गाडी धरतात, तिथून सुमारे १०० किलोमीटरवरच्या सोनौलीला जातात आणि सीमा ओलांडून भैरहवा, बुटवल करत वर चढतात. अछाम, डोटी, बझाङ या सुदूर पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतले लोक दिल्लीमार्गे उत्तराखंडातल्या बनबसाला येऊन महेंद्रनगरला उतरतात. त्यांच्यासाठी काठमांडूचे विमान म्हणजे उलटा वळसा आहे. सामान जास्त असेल तर रेल्वेच बरी.

आषाढ ते भाद्रपद या काळात डोंगरातला प्रवास टाळावा, कारण दरडी कोसळून रस्ते बंद पडतात आणि २०२४ च्या जुलैत नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर तर दोन बस दरडीबरोबर त्रिशूली नदीत गेल्या होत्या. दसैंच्या तोंडावरही निघू नये. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत तो सण चालतो. देवघरात जमरा म्हणजे जवाचे अंकुर रुजवतात, विजयादशमीला वडीलधारी माणसे टिळा लावून तेच डोक्यावर ठेवतात, आणि घटाभोवती धान्य पेरणाऱ्या आपल्या घरातल्या मुलीला ते मुळीच परके वाटणार नाही. परंतु त्या दिवसांत कचेऱ्या बंद आणि बस तुडुंब भरलेल्या असतात. सण अनुभवायचा असेल तर दहा-बारा दिवस आधी पोहोचावे. कागदपत्रांचे काम असेल तर तिहारनंतर, म्हणजे आपल्या दिवाळीनंतर जावे. हिवाळ्यातल्या थंडीला कमी लेखू नये. काठमांडू सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे आणि घरे उबदार करण्याची सोय क्वचितच असते. मुंबईत घेतलेला एखादा स्वेटर तिथे पुरत नाही.

घरात पाऊल ठेवल्यावर

भाषा थोडीफार कानावर असते, पण ती बहुधा वडिलांनी लेकराशी बोललेली भाषा असते. नेपाळीत समोरच्याला तँ, तिमी, तपाईं आणि हजुर अशा चढत्या मानाने संबोधतात. लहानपणी घरात ऐकलेले ‘तिमी’ आजीला किंवा वड्याच्या सचिवाला वापरले तर ते उर्मट ठरते. निघण्यापूर्वी निदान महिनाभर वडिलांशी ‘तपाईं’ वापरूनच बोलावे. त्यांना हसू येईल, तरी चालेल.

जमिनीचा विषय मनात ठेवू नये. नेपाळची नवी दिवाणी संहिता ऑगस्ट २०१८ पासून लागू आहे आणि तिने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच अंश दिला आहे. मुंबईची पुतणी एकाएकी राहायला येते, तेव्हा काका-काकूंच्या मनात ती वाटणी मागायला आली का, ही शंका येणे स्वाभाविक आहे. वडिलांनीच आधी फोनवर स्पष्ट बोलावे, हे मला सगळ्यात बरे वाटते : मुलगी का येते आहे, किती दिवस राहील, खर्च कोण करील आणि जमिनीबद्दल आजघडीला आपले म्हणणे काय आहे. अंश नकोच, असे मात्र भिडेपोटी लिहून देऊ नये.

सुदूर पश्चिमेच्या काही गावांत मासिक पाळीच्या दिवसांत बाईला घराबाहेर, गोठ्यात किंवा वेगळ्या झोपडीत ठेवण्याची छाउपडी ही प्रथा अजून पूर्ण गेलेली नाही. थंडी, धूर आणि सर्पदंशाने तिच्यात बायका दगावल्या आहेत. २०१८ पासून असे करायला लावणे हा तीन महिने कैद किंवा ३,००० रुपये दंडाचा गुन्हा आहे. गाव त्या भागातले असेल, तर आत्याला किंवा चुलत बहिणीला आधीच मोकळेपणाने विचारावे आणि घरात ही प्रथा पाळत असल्यास जवळच्या बाजाराच्या गावात स्वतंत्र खोली घेऊन तिथून ये-जा करावी. आपल्याकडेही ‘बाजूला बसणे’ फार जुने झालेले नाही, त्यामुळे तिथल्या बायकांना नावे ठेवण्याच्या फंदात पडू नये. पण स्वतः त्या झोपडीत जायचे नाही, हे ठाम असू द्यावे.

नागरिकता घ्यायचीच ठरली तर

वर्षभरानंतर निर्णय पक्का झाला, तर सुरुवात वडा कार्यालयातून होते. वडिलांची नागरिकता, तुमचा मुंबईचा जन्मदाखला, आई-वडिलांच्या विवाहाचा दाखला आणि फोटो दिल्यावर वडा कार्यालय नाते तपासून सिफारिस म्हणजे शिफारसपत्र देते. ती घेऊन जिल्ला प्रशासन कार्यालयात जायचे असते. तिथे वडिलांनी किंवा त्यांच्या जवळच्या नातलगाने प्रत्यक्ष हजर राहून ‘ही माझी मुलगी’ अशी सनाखत करावी लागते, म्हणून वडिलांची रजा आणि तिकीट या कामाभोवती बेतावे. वडील हयात नसतील, तर त्यांची मृत्यूनोंद आणि काकांची सनाखत यांवर भिस्त असते, आणि तेव्हा वर सांगितलेले नातलगांशी असलेले संबंध कामी येतात.

सही करण्यापूर्वी एका गोष्टीचा हिशेब करावा. नेपाळची नागरिक झाल्यावर मुंबईत येणे, राहणे, काम करणे १९५० च्या कराराने चालूच राहते, व्हिसा लागत नाही. परंतु नेपाळच्या नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय भारतात स्थावर मालमत्ता घेता किंवा हस्तांतरित करता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचे भाडेपट्टे तेवढे वगळले आहेत. आईच्या नावावर चाळीतली खोली असेल किंवा पुनर्विकासात घर मिळणार असेल, तर हा मुद्दा कागदी राहत नाही. म्हणजे तिकडचा अंश हातात यायचा तर नेपाळची नागरिकता हवी, आणि इकडची खोली विनासायास यायची तर भारताची. भावंडे असल्यास कुणी कुठले नागरिकत्व ठेवायचे, हे सर्वांनी बसून ठरवावे आणि वकिलाला दाखवावे.

भारतीय नागरिकत्व सोडण्याची घोषणा कलम ८ खाली गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून करता येते. ती आधी करायची की नेपाळचे प्रमाणपत्र हातात आल्यावर, हे आपल्या जिल्ला प्रशासन कार्यालयाकडून समजून घेतल्याशिवाय अर्ज भरू नये, कारण मधल्या काळात कोणत्याच देशाची नागरिक नाही अशी अवस्था ओढवू शकते. नेपाळचे प्रमाणपत्र मिळाल्यावर भारतीय पासपोर्टवर एकही प्रवास करू नये. तो काठमांडूच्या भारतीय दूतावासात जमा करून त्याची पावती जपून ठेवावी, मतदार यादीतले नाव नमुना ७ भरून वगळून घ्यावे, आणि बँक, पॅन व विमा यांच्या नोंदींत नागरिकत्वाचा बदल कळवावा.